व्हीओबीचं नाव बदललं म्हणून एमपी४ होत नाही हो काका

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला, तुमच्याकडेही फिरत असणारच. थोडक्यात असा: "लग्नामुंजीच्या जुन्या डीव्हीडी मोबाइलवर घ्यायला दुकानात पैसे घालवू नका. डिस्क कॉम्प्युटरला लावा, व्हिडिओ टीएस फोल्डरमधली सगळ्यात मोठी व्हीओबी फाइल घ्या, नाव बदलून शेवटी एमपी४ करा, बाकी बारीक फाइली उडवा. भारी क्वालिटी हवी तर फोर-के करा. यूट्यूबवर अनलिस्टेड टाका, कॉपीराइट लागत नाही. मग डिस्क फेका, कपाट मोकळं."

दुकानात पैसे घालवू नका हे एकदम मान्य. बाकीच्यावर बोलूया, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे सगळं शब्दशः करून झालंय आणि निस्तरायला मला बोलावलं.

नाव बदलण्यापासून सुरू करते. डीव्हीडीवरचा व्हिडिओ एमपेग-२ असतो, नव्वदच्या दशकातला प्रकार. आज मोबाइलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बिनबोभाट चालतो तो साधारणपणे एमपी४मधला एच.२६४ व्हिडिओ. नाव बदललं तरी आत एमपेग-२च राहणार ना! ठाणे स्लोच्या इंडिकेटरवर कसारा फास्ट झळकलं म्हणून गाडी कसाऱ्याला जात नाही, ती ठाण्यालाच रिकामी होणार. आता काका म्हणाले अगं पण माझ्या लॅपटॉपवर चाललं की, तर हो, चालणारच, कारण त्यांच्याकडे व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आहे आणि व्हीएलसी फाइलचं आडनाव बघतच नाही, आत काय आहे ते बघून वाजवतं, नाव तुम्ही काहीही ठेवा. या एका गोष्टीमुळे हा मेसेज इतकी वर्षं जिवंत आहे असं माझं मत. पाठवणाऱ्याच्या लॅपटॉपवर चालतं, बघणाऱ्याच्या मोबाइलवर काळा पडदा.

"सगळ्यात मोठी फाइल" ही तर कमालच. डीव्हीडीवर एक व्हीओबी जास्तीत जास्त १ जीबीची असते, त्यामुळे तास-दीड तासाचं शूटिंग तीन-चार तुकड्यांत पडलेलं असतं आणि शेवटचा सोडला तर सगळे तुकडे जवळपास सारखेच मोठे. एकेका तुकड्यात वीसेक मिनिटं, आणि तुकडा सीन बघून पडत नाही, १ जीबी भरलं की कापलं. काकांच्या मुलीचं लग्न २००८चं, नौपाड्यातल्या हॉलमधलं. पहिली फाइल संपते "शुभमंगल सा" वर. दुसरी सुरू होते "वधान" ने आणि मग अक्षतांचा पाऊस. काकांनी पहिलीच पाठवली पुण्याला, डॉक्युमेंट म्हणून, जावयांनी ती लॅपटॉपवर लावली आणि फोन करून विचारलं, म्हणजे बाबा, आमचं लग्न अजून लागायचंय का?

बरं ज्या बारीक फाइली उडवायला सांगितल्यात त्याच कामाच्या. आयएफओ फाइलीत कुठला तुकडा कुणानंतर, चॅप्टर कुठे, लांबी किती हे सगळं लिहिलेलं असतं आणि बीयूपी ही तिचीच जादा कॉपी. त्या गेल्या की कन्व्हर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरला अख्खं लग्न सलग दिसतच नाही, सुटे तुकडे दिसतात.

करायचं कसं तर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. अख्खं व्हिडिओ टीएस फोल्डर आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा, मग हँडब्रेकमध्ये ते फोल्डरच उघडा, सुटी फाइल नाही. तो सगळ्यात लांब टायटल, म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लांब सलग व्हिडिओ, आपोआप निवडतो, तुम्ही फक्त "फास्ट ५७६पी२५" हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, घ्या. आपल्याकडच्या डिस्क पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून हा. क्वालिटीचा आकडा २० ठेवा, लहान आकडा म्हणजे जास्त चांगलं आणि जास्त मोठं, १८च्या खाली जायची गरज नाही.

पण एक गोष्ट त्या मेसेजमध्ये औषधालाही नाही, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिच्यातच गेला. तेव्हाचे कॅमेरे एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत टिपायचे, आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या डबा टीव्हीवर ते कळायचं नाही, मोबाइलवर कळतं. काकू हात उंचावून अक्षता टाकतात तिथे व्हिडिओ थांबवून बघितला तर हाताच्या कडेला कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसत होते, बांगड्यांचं तर पार खवल्यांचं काहीतरी झालेलं. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये हे दात घालवणारं डीइंटरलेस आहे, तिथे यादिफ हा पर्याय निवडा आणि त्याचं बॉब (प्रत्येक अर्ध्या भागाची वेगळी फ्रेम) चालू करा, मग सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि हालचाल मऊ दिसते. फक्त व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ५० करायला विसरू नका, मी पहिल्यांदा विसरले आणि एक तास परत. आणि माणसं उभी ताणल्यासारखी बारीक दिसायला लागली तर आकारमानाचं सेटिंग चुकलंय, पाल ४:३ असेल तर चौकोनी पिक्सेलमध्ये ते ७६८ बाय ५७६ व्हायला हवं. (एक काकू म्हणाल्या बारीक दिसतेय तर राहू दे. नाही ठेवलं.)

फोर-के? ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फोर-केमध्ये बरोबर २० पट. म्हणजे २०पैकी १९ पिक्सेल सॉफ्टवेअरने अंदाजाने भरायचे. नथीतला मोती कॅमेऱ्याने टिपलाच नसेल तर तो येणार कुठून, फाइल मात्र फुगते. यूट्यूबपुरतं थोडं मोठं करून चढवण्यात अर्थ आहे, कारण मोठ्या साइजला ते बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला डेटा, जास्त देतात, पण व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायचं असेल तर ५७६च राहू द्या आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते परत पिळून काढतात. आमची ४ जीबीच्या आसपासची डिस्क १ जीबीच्या आत बसली.

अनलिस्टेडचं: अनलिस्टेड म्हणजे लिंक नसलेल्याला सापडत नाही, एवढंच. गाणी ओळखणारी यंत्रणा तरीही व्हिडिओ तपासतेच. आपल्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांना वरातीपासून पाठवणीपर्यंत मागे हिंदी पिक्चरची गाणी लावायची केवढी हौस, त्यामुळे आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच ब्लॉक. घरच्यांनाच दाखवायचंय तर ड्राइव्हची लिंक द्या की.

आता डिस्क फेकण्याचं. एमपी४ करताना थोडी क्वालिटी जातेच, उद्या चांगल्या पद्धतीने परत करायचं म्हटलं तर मूळ हवं. डिस्कची जशीच्या तशी आयएसओ फाइल काढून दोन ठिकाणी ठेवा आणि डिस्कही उन्हापासून लांब ठेवा, घरी राइट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उष्णतेने खराब होतो. काकांनी लॅपटॉपवर एकच तुकडा ठेवला होता, बाकी डिलीट, आणि डिस्क थेट रद्दीत. नशीब रद्दीवाला रविवारी येतो आणि मी शनिवारी गेले. दोन पेपरांच्या मध्ये कव्हरशिवाय सापडली, चरे पडलेली. मऊ कपड्याने मधून बाहेर अशी सरळ पुसली, गोल गोल नाही, तरी काकांच्या जुन्या ड्राइव्हवर पाठवणीपाशी अडकायची. मग माझा बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला, त्याने घरघर करत का होईना पण वाचली, शेवटची आठ मिनिटं वाचायला पाऊण तास लागला आणि काकू तेवढा वेळ शेजारी खुर्ची घेऊन बसून होत्या.