भोपळा पडला तरी लिहा

आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत एक वाक्य दरवर्षी हमखास ऐकू येतं. "आजकाल काम करायला कोणी पुढेच येत नाही." आणि ते म्हणणाऱ्याने वर्षभरात कोणाला एकही नेमकं काम सांगितलेलं नसतं.

आमची संघटना म्हणजे समुद्रात गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची. पोटासाठी नाही, छंदासाठी. मी सहा वर्षं तिच्यात आहे. पहिल्याच वर्षी नोंदवही माझ्याकडे आली. कारण काय, तर "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे." माझी कास्टिंग, म्हणजे गळ लांब फेकण्याची हातोटी, त्यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा चांगली आहे, हे कोणी म्हणालं नाही. असो.

स्पर्धेच्या दिवशी वजनकाट्याजवळ उभं राहायला सात जण तयार असतात. बक्षीस द्यायला नऊ. माशाबरोबरच्या फोटोंचं तर विचारूच नका. नोंदवही कोण घेणार म्हटलं की सगळ्यांना फोन येतात. हा आळस आहे असं मला वाटत नाही. नोंदवहीचं काम म्हणजे सतरंज्या उचलण्याचं काम, असा आपण समज करून घेतलाय, आणि तोच चुकीचा आहे. संघटना स्पर्धांवर चालते असं वाटतं, पण तिचा शब्द कोणी ऐकून घ्यायचा असेल तर तो या वहीच्या जोरावरच ऐकला जातो. मला हे कळलं ते सगळ्यांदेखत तोंड बंद झाल्यावर.

झालं असं. एका माशाची किमान लांबी वाढवायचा सरकारी प्रस्ताव होता. म्हणजे तेवढ्या मापाच्या आतला मासा लागला की परत सोडायचा. आमच्या कार्यकारिणीचं म्हणणं, मासे भरपूर आहेत, गरज नाही. पुरावा म्हणून माझी वही. सदस्यांनी पाठवलेल्या नोंदींवरून आम्ही हिशोब काढला होता: एका फेरीत माणशी तीन मासे. झकास आकडा. बैठकीत आमच्या अध्यक्षांनी तो मोठ्या आवाजात वाचला. समोरच्या अधिकारी बाईंनी शांतपणे एकच विचारलं, "रिकाम्या हाताने परत आले त्यांच्या नोंदी कुठायत?"

नव्हत्या. एकही नव्हती. वर्षभरात आमच्या एकाही सदस्याला एकदाही भोपळा मिळाला नव्हता, असं ती वही सांगत होती. समुद्रावर आयुष्यात दोनदा गेलेल्या माणसालाही हे हसू येण्यासारखं आहे.

समजा एका रविवारी चाळीस जण गेले. बारा जणांना मिळून छत्तीस मासे लागले, अठ्ठावीस जण तसेच परतले. कळवलं फक्त बाराजणांनी. वही म्हणते माणशी तीन. खरा आकडा शून्य पूर्णांक नऊ. तोही अर्धाच, कारण कोण दोन तास बसलं आणि कोण आठ तास, ते माहीतच नाही. मासे किती आहेत याचा अंदाज बांधणारे लोक एका तासामागे एका गळाला किती लागले ते बघतात. खाली तास नसतील तर वर कितीही मासे लिहा, तो भागाकार होत नाही.

आणि मासे कमी होत असतील तर ते आधी याच भोपळ्यांत दिसतं. ज्याला जागा माहीत आहे, हात बसलाय, त्याला शेवटपर्यंत मासा लागत राहतो. वाढत जातात ते रिकामे परतणारे. आपण नेमके तेच वहीतून वगळत होतो.

पुढच्या महिन्यापासून मी क्लिपबोर्ड घेऊन धक्क्यावर उभी राहायला लागले. परत येणाऱ्या प्रत्येकाला तीनच प्रश्न: गळ पाण्यात किती वेळ होता, किती लागले, किती सोडले. पहिल्या दिवशी एक काका, आमच्या संघटनेतले जुने, रॉड आवळून धरून माझ्या बाजूने असे निघाले की जणू मी वसुलीला आलेय. मी विचारलं, काय लागलं? "काही नाही हो. लिहू नका." मी म्हटलं, काका, तेच लिहायचंय. ते थांबले. "नावासकट?" नावाशिवाय, म्हटलं. मग स्वतःहून सांगितलं, साडेपाच तास, दोन रॉड, काही नाही, आणि एक चांगला होता तो अगदी काठाशी आल्यावर सुटला. तो सुटलेला लिहिणार का, असंही विचारलं. रकाना नव्हता. (सुटलेल्या माशाचा रकाना ठेवला तर वहीतला प्रत्येक मासा हातभर लांब होईल, हेही आहे.)

ही लाज आधी गेली पाहिजे. आपल्या ग्रुपवर कोणी कधी "आज काही नाही" असा फोटो टाकलाय? रिकाम्या बादलीचा? टाकतात फक्त लागलेला दिवस. मग नवीन आलेल्या पोराला वाटतं, सगळ्यांना लागतं, मलाच लागत नाही. तो तीन महिन्यांत रॉड विकतो, आणि पुन्हा आपणच म्हणतो तरुण टिकत नाहीत.

आकडे गोळा करणं दिसतं तेवढं सोपं नाही, हे अमेरिकेच्या अनुभवातून कळतं. तिथे समुद्रातल्या हौशी मासेमारीचं राष्ट्रीय सर्वेक्षण 1979 मध्ये सुरू झालं. 2006 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्याची चिरफाड केली. मग पद्धत बदलली. लोक किती वेळा मासेमारीला जातात हे आधी घरोघरी फोन करून विचारायचे, 2018 पासून पूर्णपणे टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीवर आले. आणि 2023 मध्ये त्यांच्याच एका छोट्या चाचणीत काय निघालं? प्रश्नांचा क्रम बदलला, म्हणजे आधी गेल्या बारा महिन्यांचं विचारलं आणि मग गेल्या दोन महिन्यांचं, तर फेऱ्यांचा अंदाज साधारण 30 ते 40 टक्क्यांनी खाली आला! नुसत्या क्रमाने. माणूस खोटं बोलत नाही, पण चार महिन्यांपूर्वीची मजेची फेरी त्याला परवाची वाटते. म्हणून मी आठवणीवर भरलेला फॉर्म घेत नाही. धक्क्यावर, ओल्या हातांनी, त्याच वेळी.

ओल्या हातांवरून आठवलं. बॉलपेन घेऊन येऊ नका. ओल्या कागदावर ते चालत नाही, त्यात माशाचा बुळबुळीत चिकटा लागला की संपलंच. साधी पेन्सिल आणि पाण्यात न विरघळणारा कागद. मोजपट्टीची फळी आधी पाण्याने ओली करायची, कोरडी फळी माशाच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडून काढते आणि तो थर म्हणजे त्याची पहिली ढाल. हातही ओले. माशाचं तोंड मिटवून टोकाच्या आडव्या पट्टीला टेकवायचं, अंग सरळ, आणि मग वाचायचं.

कुठपर्यंत वाचायचं, हा खरा प्रश्न. माझी स्वतःची गोष्ट सांगते, लपवत नाही. पहिले दोन महिने मी शेपटीच्या टोकापर्यंत मोजत होते. फॉर्मवर लिहिलं होतं शेपटीच्या बेचक्यापर्यंत, म्हणजे दोन पाकळ्या जिथे फुटतात तिथवर. मी फॉर्म भरत होते, वाचत नव्हते. दोन महिन्यांच्या नोंदी बाद झाल्या. ज्या शास्त्रज्ञ बाई त्या बघत होत्या त्यांनी फक्त एवढंच लिहिलं, "या वापरता येणार नाहीत, पुढच्या पाठवा." त्या "पुढच्या पाठवा" मुळे मी टिकले. रागावल्या असत्या तर वही परत केली असती, खरं सांगते.

आणखी एक गंमत वहीत दिसते. सदस्यांनी स्वतः मोजून पाठवलेल्या लांब्या बघा: 30, 35, 40, 45. जणू मासे पाच-पाच सेंटिमीटरने वाढतात. आणि किमान माप जे असेल त्याच्या बरोब्बर त्या आकड्यावर भली मोठी गर्दी, त्याच्या एक सेंटिमीटर खाली मात्र ओसाड. मोजपट्टीला हात लागला की नाही हे ओळखायला मग शास्त्रज्ञ लागत नाही.

हे सगळं कशाला, असं विचारणाऱ्यांना दोन उदाहरणं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शार्क माशांना खूण लावून सोडायचा उपक्रम 1962 पासून चालू आहे, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये तसाच उपक्रम 1973 पासून. खुणा लावणारे बहुतेक हौशी गळवाले. मासा पकडला, पाठीच्या पराखाली खूण टोचली, तारीख, जागा, लांबी लिहिली, सोडला. पुढे कधीतरी, कुठेतरी, दुसऱ्या कोणाला तो लागतो आणि तो खुणेवरचा नंबर कळवतो. तेव्हा कळतं की मासा किती फिरला, किती वाढला. पण पहिल्याने कार्डच पाठवलं नसेल तर तो नंबर म्हणजे नुसतं प्लास्टिक. टोचायला सगळ्यांना आवडतं. कार्ड घरी खणात पडून राहतं.

दुसरं उदाहरण स्ट्राइप्ड बासचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हौशी लोकांचा जीव की प्राण असलेला मासा. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून तो इतका घटला की 1984 मध्ये त्याच्यासाठी वेगळा राष्ट्रीय कायदा आला आणि 1985 मध्ये तिथल्या मेरीलँड राज्याने त्याची मासेमारी पूर्ण बंद केली. जाळेवाल्यांची बंद, गळवाल्यांचीही बंद. उघडली ती 1990 मध्ये. आणि उघडायची कधी हे ठरवलं कशावरून? मेरीलँडमध्ये 1954 पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या त्याच जागी जाळं ओढून या माशाची पिल्लं मोजतात. हे काम सरकारी माणसांचं, स्वयंसेवकांचं नव्हे, पण बघा, दरवर्षी तीच जागा, तेच जाळं, तोच कंटाळा. तीन वर्षांची सरासरी ठरलेल्या आकड्यावर गेली तेव्हा बंदी उठली. 1995 मध्ये मासा सावरला असं जाहीर झालं. त्या वहीत कितीतरी वाईट वर्षं होती. ती कोणी गाळली नाहीत, म्हणून चांगल्या वर्षावर लोकांचा विश्वास बसला.

आता थोडं बोचणारं. हौशी संघटनांचं एक आवडतं वाक्य आहे: मासे जाळेवाल्यांनी संपवले. काही ठिकाणी ते खरंही असतं. फ्लोरिडात 1994 मध्ये हौशी मासेमारांच्या मोहिमेतून जनमत झालं, 72 टक्के मतं पडली आणि किनाऱ्याजवळच्या गिलनेटवर, म्हणजे माशाचे कल्ले अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यांवर, राज्यघटनेतच बंदी आली. माशांना त्याचा फायदा झाला असं म्हणतात, पण पिढ्यानपिढ्या जाळ्यावर जगणारी घरंही त्यात उठली, हे आपल्या बैठकीत कोणी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, दुसऱ्याच्या जाळ्याकडे बोट दाखवायच्या आधी आपल्या बादलीचा हिशोब आपल्याकडे हवा. आपण किती नेतो हे आपल्यालाच माहीत नाही, आणि ते किती नेतात याचे आकडे आपल्या तोंडपाठ.

बादलीत न गेलेल्यांचाही हिशोब हवा. "आम्ही तर सोडून देतो" म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी ऐका. तीस मीटरवरून झपाझप वर ओढलेल्या माशाच्या पोटातला हवेचा फुगा चौपट फुगायला बघतो, कारण तिथे दाब वरच्या चौपट असतो. डोळे बाहेर येतात, तोंडातून फुगा आल्यासारखा दिसतो. तो फुगा नसतो, ते बाहेर ढकललेलं जठर असतं, आणि आपले काही महाभाग दया म्हणून तेच टोचतात. असा मासा वर सोडला तर तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो. वजन बांधून त्याला परत खोलवर उतरवून सोडायचं साधन मिळतं, ते वापरा. मी फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवलेत: किती खोलीवरून आला, आणि सोडल्यावर खाली गेला की तरंगला. हे दोन रकाने भरायला सगळ्यात जास्त कुरकुर होते.

तर, माणसं का येत नाहीत. आपण मागतोच चुकीचं. "संघटनेला वेळ द्या" म्हणजे किती? आयुष्य? आमच्यात एक जण होता, स्पर्धा तोच, हिशोब तोच, होडीचा विमा तोच, नवीन पोरांना गाठी शिकवायलाही तोच. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत राहिला आणि चौथ्या वर्षी ग्रुपमधून न सांगता बाहेर पडला. त्याच्या जागी तसाच दुसरा शोधणं हे आपलं सध्याचं धोरण आहे. मी कार्यकारिणीत दोनदा म्हटलं, एका माणसाला एक काम द्या, त्याला शेवट असू द्या, आणि त्या कामाचं पुढे काय झालं ते त्याला कळवा. दोन्ही वेळा इतिवृत्तात "चर्चा झाली" असं आलं.

म्हणून मी आता कार्यकारिणीला विचारत नाही, इथे लिहिते. धक्क्यावरच्या मोजणीला माणसं हवीत. एक पाळी दोन तासांची, महिन्यातून एकदा, तेवढंच. तीन महिने करा आणि सोडा, कोणी फोन करून गळ घालणार नाही. गळ टाकता येत नसेल तरी चालेल, उलट बरंच, तुमचं लक्ष पाण्याकडे जाणार नाही. पहिल्या पाळीला मी बरोबर असेन, शेपटीचं बेचकं कुठे असतं ते दाखवीन. फळी आणि कागद माझ्याकडे आहेत. पेन्सिली हरवतात, एखादी घेऊन या.

गेल्या खेपेला पाऊस होता. दोन तासांत अकरा जण परतले, दहा भोपळे आणि एक पिल्लू, सोडलेलं. ते काका आता लांबूनच बोटांनी शून्य करून दाखवतात आणि तास ओरडून सांगतात, म्हणजे मला चालत त्यांच्यापर्यंत जावं लागत नाही. पुढच्या रविवारची सकाळची पाळी भरली आहे, संध्याकाळची मोकळी आहे. जमणार असेल तर खाली लिहा.