सबस्क्रिप्शनवाचून डी अँड डी अडत नाही

संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या कॉलेजांतल्या पोरांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स शिकायचं तर आधी डी अँड डी बियाँडचं सबस्क्रिप्शन घ्या. महिन्याला फक्त अडीचशे रुपये. सगळी पुस्तकं हाताशी, हिशेब अ‍ॅप करतं, घेतलेलं कायमचं आपलं, आणि गटाने वाटून घेतलं तर फुकटातच पडतं.’ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा मित्रांनी टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापल्या पात्राची साहसकथा पुढे नेण्याचा खेळ. डी अँड डी बियाँड ही त्याची वेबसाइट आणि अ‍ॅप. त्या मजकुरातलं शेवटचं तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं नव्या खेळाडूची दिशाभूल करतं. मला ते मनापासून खटकतं, कारण आपल्याकडे हा खेळ आत्ता कुठे रुजतोय, आणि पहिल्याच पायरीवर पैसे मागितले तर कितीतरी पोरं तिथूनच मागे फिरतील.

‘सगळी पुस्तकं हाताशी.’ नाही. सबस्क्रिप्शनमध्ये नियमांची आणि साहसांची पुस्तकं येतच नाहीत, ती वेगळी विकत घ्यावी लागतात. छापील प्रत घरी असली म्हणून डिजिटल प्रत आपोआप मिळते, असंही नाही. सबस्क्रिप्शन दोन प्रकारचं आहे. ‘हीरो’ महिन्याला २.९९ डॉलरला, म्हणजे अडीचशेच्या आसपास. ‘मास्टर’ ५.९९ डॉलरला, म्हणजे पाचशेच्या घरात. हीरो घेतलं की हवी तेवढी पात्रं बनवता येतात. पुस्तकं कॅम्पेनमधल्या, म्हणजे आपल्या गटाच्या चालू खेळातल्या, इतरांना वापरू देण्याची सोय मात्र फक्त मास्टरमध्ये आहे. त्या मजकुरात अडीचशेची किंमत आणि वाटून घेण्याची सोय एकाच दमात सांगितली आहे. त्यावर विसंबून अडीचशे भरणाऱ्याच्या हाती ना पुस्तक लागतं, ना वाटणी. आणि मोफत खात्यातही सहा पात्रं ठेवता येतात. नव्या खेळाडूला एकच सांभाळताना पुरेवाट होते.

‘हिशेब अ‍ॅप करतं.’ करतं, पण तो हिशेब आहे केवढा? वार करताना पात्राची ताकद १६ असेल तर +३. पहिल्या लेव्हलला शस्त्र चालवण्याच्या प्रावीण्याचे +२. वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात पाच मिळवायचे. बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी, म्हणजे बचावाच्या आकड्याइतकी, किंवा जास्त झाली की वार लागला. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोराला हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. सुरुवातीला हे हाताने केलेलंच बरं, नाहीतर स्क्रीनवर +५ दिसतात आणि ते कुठून आले हे खेळाडूला कधीच कळत नाही. वरच्या लेव्हलच्या विझर्डचे, म्हणजे जादूगाराचे, ढीगभर स्पेल (मंत्र) सांभाळताना अ‍ॅपचा उपयोग होतो, हे मान्य. पण तिथवर पोचायला बरेच महिने खेळावं लागतं. आणि गावाकडे लाइट गेली, रेंज गेली, तरी पात्राची माहिती लिहिलेली कागदावरची कॅरेक्टर शीट चालू राहते.

आता त्या मजकुराने जे सांगितलंच नाही ते. या खेळाचे मूळ नियम मोफत आहेत, आणि ते कायद्याने खुले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचा, इतरांना नियम वापरू देणारा जुना खुला परवाना बदलण्याचा बेत फुटला. जगभरच्या खेळाडूंनी विरोध केला आणि अनेकांनी निषेध म्हणून हेच सबस्क्रिप्शन रद्द केलं. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’ हा मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कुणालाही वापरू देणाऱ्या, परवान्याखाली खुला केला. तो परवाना मागे घेता येत नाही. बाराही क्लास (विझर्डसारखे पात्रांचे प्रकार), प्रत्येकाचा एकेक उपप्रकार म्हणजे सबक्लास, स्पेल, राक्षस, सगळं त्यात आहे. पीडीएफ उतरवून घ्या, छापा, वाटा. श्रेय दिलं की भाषांतरही करता येतं, ते विकताही येतं. म्हणजे हे नियम मराठीत आणायला कुणाची परवानगी लागत नाही. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्ये ते आलेच आहेत. इंग्रजीच्या धास्तीने टेबलापासून लांब बसणारी पोरं मी पाहतो. त्यांच्यासाठी चार मित्रांनी मिळून एकेका क्लासची पानं मराठीत केली, तर त्याचं मोल कुठल्याही महिन्याच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे.

साहसांसाठी, म्हणजे खेळायच्या कथांसाठी, तरी पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत का? देवगिरीची अंधारी आपल्या दाराशी आहे. कातळात खोदलेला तो वळणावळणाचा काळोखा मार्ग, खालचा खंदक, आणि वरच्या टोकाला धूर करून शत्रूला कोंडायची सोय. तो चढून आलेल्या डंजन मास्टरला (डीएम, म्हणजे गटाचा खेळ चालवणारा) आणखी काय शिकवायचं? नळदुर्गला बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतंय आणि आत खोल्या आहेत. राक्षस मोफत नियमांतून घ्या, जागा इथल्या घ्या.

‘घेतलेलं कायमचं आपलं.’ पुस्तकं खात्यात राहतात, पण अटी कंपनीच्या. एखादाच सबक्लास थोड्या पैशांत सुटा घ्यायची सोय २०२४ मध्ये बंद झाली. आता पूर्ण पुस्तक घ्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या आवृत्तीचे स्पेल जुन्या कॅरेक्टर शीटवर लादायचं ठरलं होतं. खेळाडूंनी ओरड केल्यावर काही दिवसांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. कपाटातल्या पुस्तकाच्या बाबतीत असं घडत नाही.

राहिली वाटणी. ज्यांचा जुना ग्रुप नोकरीपायी पुणे, मुंबई, बंगळुरूला पांगलाय, आठवड्याला ऑनलाइन खेळ चालतो आणि दोन-तीन पुस्तकं आधीच घेतलेली आहेत, त्यांनी मास्टर जरूर घ्यावं. सहा जणांत माणशी नव्वदेक रुपये पडतात, आणि सगळ्यांना पुस्तकं उघडता येतात. मात्र एकानेच घ्यायचं, शक्यतो डीएमने, आणि पुस्तकंही त्याच्याच खात्यावर घ्यायची. खेळाडूंपैकी कुणी मध्येच खेळ सोडला तर त्याच्या खात्यातली पुस्तकं त्याच्याबरोबर जातात. सुरुवातीला वर्षाचे ५४.९९ डॉलर एकदम भरू नका, महिन्याचंच घ्या. सेमिस्टरच्या परीक्षा आल्या, खेळ थांबला, की बंद करा. वाटणी थांबते, घेतलेली पुस्तकं खात्यात राहतात. आणि पैसे भरायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बघा. नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात.