राहूला वजन किती?

२८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. दुसऱ्याच दिवशी मीन राशीत षड्ग्रही योग, वर सूर्यग्रहण. झालं! भूकंप ग्रहांमुळेच, म्हणून घरच्या ग्रुपवर सोलापूरच्या मामांनी पंचांगाचं पान टाकलं. पुण्याहून त्यांच्याच चिरंजीवांनी ठणकावलं, "बाबा, काडीचाही संबंध नाही."

इथे कॅलिफोर्नियात बसून दोघांनाही टोकावंसं वाटतं. संबंध काडीइतका आहे, पण तो चंद्र-सूर्याचा. त्यांच्या ओढीने अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला उधाण येतं, तशी जमीनही वीतभर वरखाली होते आणि खडकांवर ताण येतो. २०१६ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की हा ताण जास्त असताना सुरू झालेला धक्का मोठा होण्याची शक्यता किंचित वाढते. किंचितच; तारीख सांगता येईल इतकी नाही. बाकी ग्रहांचं म्हणाल तर शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची ही ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकीही भरत नाही. आणि त्या सहांत राहू मोजलेला! तो म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो नुसता बिंदू.

मामा कच्चे नाहीत. किल्लारी पौर्णिमेच्या दिवशी पहाटे हादरली, भूज अमावास्येनंतर दोन दिवसांनी, हे खरंच आहे. पण ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप दोन्हींपासून लांब होता. तिथले धक्के धरण भरल्यावर वाढले. पंचांगापेक्षा जलाशयाच्या पातळीशी त्यांचं जास्त जुळतं. उलट फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीत देशभर होमहवन झाले आणि प्रलय काही आला नाही. जगात पाचच्या वरचे भूकंप रोज सरासरी चार होतात. कुठल्याही योगाला एखादा सापडतोच.

इकडचे लोक फार शहाणे आहेत असं मुळीच नाही. १९८२ मध्ये ग्रह सूर्याच्या एका बाजूला येतील आणि सॅन अँड्रियास भ्रंश (जमिनीतली लांबलचक भेग) हलेल, असं भाकीत इथेही गाजलं होतं. फरक दुसरीकडे आहे. हेवर्ड गावात दुसरा एक भ्रंश वर्षाला काही मिलिमीटर सरकतो. तिथल्या एका कोपऱ्यावर फुटपाथची कड मधोमध तुटून बाजूला गेलेली होती. २०१६ मध्ये नगरपालिकेने ती सरळ केली, तेव्हा सरकण्याची खूण गेली म्हणून भूशास्त्रज्ञ हळहळले. असल्या भ्रंशाच्या पट्ट्यात घर असेल तर विकताना तसं लिहून द्यावं लागतं. पाण्याचा हीटर भिंतीला पट्ट्यांनी जखडणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या ओझ्याखाली. मामांच्या गावच्या वाड्यावर तसंच माळवद आहे. माती थोडी उतरवा, भिंतीच्या दोन्ही बाजू जोडणारे आरपार दगड बसवून घ्या, असं म्हटलं तर म्हणाले, "अरे, उन्हाळ्यात काय गार लागतं माहितीय का!" आणि आमच्या विज्ञानवादी मामेभावाने फ्लॅट घेताना बिल्डरला पार्किंगचं विचारलं, क्लबहाऊसचं विचारलं. इमारत भूकंपाच्या हिशोबाने बांधलीय का, हे अजून विचारलेलं नाही.