नव्या बिऱ्हाडाच्या प्रश्नांचा बंदोबस्त

खारघरमधील गृहनिर्माण सोसायटीत दहा-पंधरा वर्षे काढलेल्या सभासदाला एक त्रास चुकत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एखादे नवे बिऱ्हाड येते, सामानाचा टेम्पो फाटकात अडकतो आणि तो सुटायच्या आतच त्या घरातले कोणीतरी पुढे येऊन विचारते, "काका, पाणी किती वाजता येतं?" हा प्रश्न आपण मागच्याच महिन्यात ऐकलेला असतो. तेव्हा विचारणारा माणूस वेगळा होता, ही सबब झाली. प्रश्न तोच आहे, आणि एकदा उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा कानावर पडणे हा उत्तर देणाऱ्याचा अवमान आहे, हे तत्त्व आपण जुन्या सभासदांनी प्रथम मनाशी पक्के केले पाहिजे. ते झाले की पुढील मार्गदर्शन आचरणात आणणे जड जाणार नाही.

उत्तर देण्यापूर्वी थांबावे. हातातली पिशवी खाली ठेवावी, चष्मा काढून पुसावा आणि शांतपणे विचारावे, "नवीन आलात का?" तो नवीन आला आहे हे दिसतच असते, टेम्पो अजून फाटकातच असतो, परंतु हा प्रश्न माहितीसाठी विचारायचा नसतो. समोरचा "हो" म्हणाला की आपली पायरी त्याने स्वतःच्या तोंडाने मान्य केलेली असते. त्यानंतर "कितवा मजला?" आणि "स्वतःचं की भाड्याचं?" एवढे विचारून घ्यावे. घर भाड्याचे निघाले तर आपले काम तिथेच संपते, कारण भाडेकरूच्या प्रत्येक प्रश्नाला "मालकांना विचारा" हे एकच उत्तर पुरते, आणि मालक बहुधा पुण्यात किंवा दुबईत असतात.

घर स्वतःचे असेल तर त्याला नोटीस बोर्डाकडे पाठवावे. "तिथे लिहिलंय ना सगळं" हे वाक्य प्रत्येक जुन्या सभासदाला तोंडपाठ हवे, आणि ते उच्चारताना स्वरात राग नव्हे, तर किंचित दुःख असावे. पाण्याच्या वेळांचा कागद बोर्डावर खरोखरच आहे. त्याच्यावर लिफ्टच्या दुरुस्तीची सूचना आहे, तिच्यावर गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी आहे, आणि सर्वांत वर, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, असा इशारा आहे. काचेला कुलूप आहे आणि किल्ली खजिनदारांकडे आहे. इतके थर ओलांडून कोणी त्या कागदापर्यंत पोहोचलाच, तर त्यावरील वेळा जुना व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वीच्या आहेत. पण लिहिलेले नाही, असे म्हणायची सोय त्याला उरत नाही, आणि आपल्याला हवे असते तेही एवढेच.

काही प्रश्न मात्र बोर्डावर मावणारे नसतात. "आपण नक्की कुठल्या महापालिकेत येतो?" हा त्यांतला मुख्य, आणि खारघरला आलेला माणूस तो एकदा नव्हे, चार-चार वेळा विचारतो. वस्तुस्थिती सांगायची तर, घर नवी मुंबईत आहे असे सांगून ते त्याला विकलेले असते. ही नवी मुंबई वसवली १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून कारभार पाहते, परंतु तिची हद्द बेलापूरला संपते. खारघर आहे २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत. जिल्हा ठाणे नव्हे, रायगड. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. वाशी-नेरूळच्या गाड्यांवर एमएच ४३ असते, आपल्या गाड्यांवर पनवेलचे एमएच ४६. वीज महावितरणची, पाणी सिडकोचे, आणि लोकसभेचे मत मावळ मतदारसंघात, जिथे आपला खासदार घाटापलीकडच्या पिंपरी-चिंचवडकरांशी वाटून घ्यावा लागतो. हे सारे सांगायला एक मिनिट पुरते, आणि त्या एका मिनिटात नवा माणूस थेट आपल्या पंक्तीला येऊन बसतो. म्हणूनच ते एका दमात कधीही सांगू नये.

त्याचे तुकडे करावेत. घरपट्टीचे विचारले की फक्त "पनवेल" म्हणावे आणि पुढे चालू लागावे. मग तो पाण्याची तक्रारही पनवेललाच घेऊन जातो, रांगेत उभा राहतो, तिथून बेलापूरच्या सिडको भवनाकडे पिटाळला जातो आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परत येतो, त्या वेळी जिन्यात गाठून "पाणी सिडकोचं असतं, एवढंही माहीत नव्हतं?" असे आपुलकीने विचारावे. पुढच्या महिन्यात गाडीच्या नोंदणीसाठी तो वाशीला जाईल. जाऊ द्यावे. एवढे झाल्यावर, हा माणूस एकच प्रश्न चार-चार वेळा विचारतो, अशी तक्रार आपल्याला निःशंक मनाने करता येते. दर वेळी त्याच्या हाती चतुर्थांश उत्तर पडले होते, याची नोंद सोसायटीच्या कोणत्याही इतिवृत्तात होत नसते.

पैशांचे प्रश्न आले की उपविधींचा, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीचा आश्रय घ्यावा. "माझं घर एक बेडरूमचं, समोरच्यांचं तीन बेडरूमचं, मग मेंटेनन्स सारखाच का?" हा प्रश्न ज्याने विचारला नाही असा नवा सभासद जन्माला यायचा आहे. उत्तर वास्तविक अवघड नाही. आदर्श उपविधींप्रमाणे वॉचमन, सफाई, कार्यालयीन खर्च यांसारखे सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान पडते, कारण वॉचमन मोठ्या घरासाठी जास्त जागत नाही. पाण्याचा आकार घरातील नळांची संख्या आणि त्यांचे माप पाहून ठरतो. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, किमान ०.२५ टक्के घेतला जातो, त्यामुळे मोठ्या घराला तिथे आपोआप जास्त भरावे लागते. म्हणजे बिलाचा एक भाग सारखा असावा आणि एक भाग सारखा नसावा. आपल्या बिलात सगळेच सारखे आहे, हे चतुर माणसाच्या लगेच लक्षात येते, आणि म्हणून हे उत्तर देणे धोक्याचे आहे. "उपविधी वाचा" एवढेच म्हणावे. प्रत कुठे मिळेल, असे त्याने विचारले तर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत कार्यालयात यायला सांगावे, ज्या वेळेत सचिव मासळी आणायला गेलेले असतात.

अलीकडे मात्र एक नवीच जात निर्माण झाली आहे, जी उपविधी खरोखर वाचते. असा मनुष्य पेन्सिलीने खुणा केलेली प्रत घेऊन येतो आणि महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचे अधिमूल्य, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम, २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नसताना आपल्या पावतीवर त्याच्या खाली ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून आणखी एक रक्कम कशी, असे विचारतो. गडबडून जाऊ नये. कालपर्यंत ज्याला आपण वाचत नाही म्हणून हिणवत होतो, त्यालाच आज वाचतो म्हणून हिणवता येते. "ते पुस्तकातलं झालं हो. आपल्याकडे पद्धत वेगळी आहे" असे म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. पद्धत कधी ठरली, असे त्याने पुढे विचारले तर "तुमच्या आधी". हे उत्तर वस्तुतः अचूक असते आणि त्याची पडताळणी तो करू शकत नाही.

आता प्रवासाचा प्रश्न. इथे एकट्याने उत्तर टाळण्यात मजा नाही. हा सामुदायिक विषय आहे. समजा, ठाण्यात नोकरी असलेल्या नव्या बाईंनी बाकावर बसलेल्या ज्येष्ठांना विचारले, की ठाण्याहून घरी येताना कुठली गाडी पकडायची. ठाण्याच्या ९ आणि १० क्रमांकाच्या फलाटांवरून ट्रान्स-हार्बरच्या वाशीच्याही गाड्या सुटतात आणि पनवेलच्याही. तुर्भ्याच्या पुढे वाट फुटते, वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते आणि पनवेलची जुईनगर, नेरूळ, बेलापूर करत खारघरला येते. चुकून वाशीची पकडलीच तर तुर्भ्याला उतरून मागून येणारी पनवेल घ्यावी. उत्तर एवढेच आहे. बाकावर चार जण असताना ते असे नुसते देऊन टाकणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिल्याच वाढीला ताक वाढण्यासारखे आहे.

त्याऐवजी एकाने सांगावे, की गाडीचे काय घेऊन बसलात, बस पकडा. दुसऱ्याने बसला हसावे आणि बेलापूरला उतरून मेट्रोने उत्सव चौकापर्यंत येण्याचा सल्ला द्यावा. मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, त्याआधी कितीदा मुहूर्त हुकले, हे तिसऱ्याने सांगावे. मग पहिल्याने, ठाणे-वाशी मार्ग तरी कुठे वेळेवर झाला, म्हणावे. दुसऱ्याने तो २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झाल्याचे ठणकावून सांगावे. तिसऱ्याने, छे, आपण त्याआधी त्या गाडीने गेलो आहोत, असे शपथेवर सांगावे. चौथ्याने एव्हाना बाईंना "पण ठाण्यात नोकरी आणि खारघरला घर? ठाण्यातच का नाही घेतलंत?" असे विचारलेले असावे. घराचा करार झालेला, गृहकर्जाचा पहिला हप्ता गेलेला, अशा माणसाला त्याने घर दुसरीकडे घ्यायला हवे होते, हे सांगण्याचे समाधान फार थोड्या प्रसंगी लाभते. बाई निघून गेल्या तरी चर्चा थांबवू नये. ती त्यांच्यासाठी कधीच नव्हती.

या सर्व व्यवस्थेला एकच ठिकाणाहून धोका आहे, आणि त्याबद्दल जुन्या सभासदांनी फार सावध राहायला हवे. नव्या माणसाला बेलपाडा, पेठपाडा किंवा खारघर गावात शक्यतो जाऊ देऊ नये. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. आपली ज्येष्ठता ताबा मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, त्या गावांतल्या एखाद्या आगरी आजोबांनी मात्र आपल्याला, आपल्या बिल्डरला आणि सिडकोच्या मोजणीदारालाही नवीन आलेले पाहिले आहे, आणि "इकडे रस्ता कुठून आहे?" हा प्रश्न त्या सर्वांच्या तोंडून ऐकला आहे. एवढ्या वेळा तोच प्रश्न ऐकून माणूस किती चिडायला हवा! पण ही मंडळी चिडत नाहीत, ओट्यावरून उठून वळणापर्यंत येतात आणि हाताने रस्ता दाखवतात. अशा सवयी संसर्गजन्य असतात.

शिवाय ते आपल्यापेक्षा पुढचे सांगतात. नवा सभासद आपल्याला विचारतो, की शेजारची इमारत ‘साडेबारा टक्क्यातली’ आहे म्हणजे काय, आणि आपण मान हलवून "स्वस्त असते" असे सांगतो. आजोबा त्याला सांगतात, की जमिनी गेल्या तेव्हा भाव काय मिळाला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणजवळच्या जासई परिसरात आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी गेले. आणि त्यातून पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. त्यांतले बरेच भूखंड नंतर बिल्डरांकडे गेले आणि त्यांवर इमारती झाल्या. हे ऐकून आलेल्या माणसापुढे, इथे आधीपासून असल्याचा आपला तोरा किती टिकेल, याचा ज्याने-त्याने विचार करावा.

इतकी काळजी घेऊनही कधीकधी दुर्घटना घडते. सहा-आठ महिन्यांत सगळी उत्तरे तुकड्या-तुकड्यांनी गोळा करून एखादा नवा सभासद ती एका कागदावर लिहून काढतो: पाण्याच्या वेळा, घरपट्टी कुठे, तक्रार कुठे, नावावर शेअर सर्टिफिकेट करायला कोणती कागदपत्रे, ठाण्याहून कोणती गाडी. आणि तो कागद कोणाला न विचारता लिफ्टमध्ये चिकटवतो. सकाळी दूधवालासुद्धा तो उभा राहून वाचताना दिसतो. पुढच्या टेम्पोतून उतरणारे कुटुंब तो वाचून सरळ वर जाईल आणि खाली कोणालाच काही विचारणार नाही, हे दृश्य क्षणभर डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे प्रसंगाचे गांभीर्य कळेल.

कागद फाडू नये. त्याने बोभाटा होतो. समितीच्या परवानगीशिवाय सामाईक जागेत काही लावू नये, अशी सूचना त्याच्याच शेजारी लावावी, मजकुराची शहानिशा करण्यासाठी तिघांची उपसमिती नेमावी आणि शहानिशा होईपर्यंत कागद सुरक्षिततेसाठी खजिनदारांच्या कपाटात ठेवावा. लिहिणाऱ्याचे सभेत जाहीर कौतुक करावे आणि त्याच दमात सचिवाच्या रिकाम्या जागेसाठी त्याचे नाव सुचवावे. त्या पदासाठी दुसरे नाव पुढे आल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही, त्यामुळे ठराव एकमताने होतो. पदभार देताना दप्तर, शिक्का, लेखापरीक्षणाच्या त्रुटींची फाईल आणि टँकरवाल्याची थकबाकी असे सर्व काही त्याच्या स्वाधीन करावे. नोटीस बोर्डाची किल्ली तेवढी देऊ नये.