निपाह केळीच्या घडात बसून येत नाही

केरळात निपाहचा, म्हणजे वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या एका विषाणूच्या आजाराचा, रुग्ण सापडला की आठवड्याभरात आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. थोडक्यात असा: ‘सावधान! वटवाघळं रात्री केळीच्या बागेत येतात, त्यांच्या लाळेतून निपाह केळीत उतरतो. बागांवर पिवळ्या पट्ट्यांचा जो व्हायरस आलाय तो हाच. १०० पैकी ७५ मरतात, हवेतून पसरतो, एक रुग्ण आला की गाव संपलं. लस नाही, औषध नाही. केळी बंद करा, वटवाघळं मारा, कापूर-ओव्याची पुरचुंडी जवळ ठेवा. सरकार लपवतंय.’ शेवटी हात जोडलेले.

एकाच दिवशी तिघांनी मला हा पाठवला. त्यातला एक माझा मामेभाऊ. त्याची स्वतःची केळीची पाच हजार खोडं उभी आहेत, आणि तोच विचारतो, ‘काय भो, खरं आहे का?’

आधी पिवळे पट्टे. हे तर त्यालाही माहीत असायला हवं होतं. जुलै-ऑगस्टात आठ-आठ दिवस ढगाळ राहिलं, भुरभुर पाऊस लागला की नव्या लागवडीच्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो. आपण त्याला हरण्या म्हणतो, कृषी खात्याची माणसं सीएमव्ही म्हणतात, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. तो मावा किडीमार्फत काकडीवर्गीय पिकांवरून, तणांवरून केळीवर येतो. वनस्पतीचा विषाणू आहे, माणसाला होत नाही. निपाहशी त्याचं नातं ‘व्हायरस’ या शब्दापुरतं.

आता लाळ. वटवाघूळ केळीच्या बागेत येतं हे खरं आहे, उगाच नाकारू नये. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला गेलेल्या कोणालाही विचारा. बाग निसवत असली, म्हणजे केळफुलं बाहेर पडत असली, की बॅटरीच्या उजेडात ते कमळाला (केळफुलाला) उलटं लटकलेलं दिसतं, पाकळी उचललेली असते तिथे तोंड खुपसून मध चाटत असतं, उजेड पडला की फडफडत निघून जातं. पण ते येतं फुलासाठी. त्या निसवणीचा घड कापणीला यायला पुढे तीनेक महिने लागतात, आणि विषाणू हा काही बुरशीसारखा सालीवर वाढत बसणारा जीव नव्हे. जिवंत पेशीबाहेर त्याची वाढच होत नाही, उन्हात आणि कोरडं पडून तो निकामी होतो. आपण घड कापतो तोही हिरवा, वटवाघूळ शोधतं ते पिकलेलं फळ. नंतर फण्या, धुणं, गाडी, केळी पिकवायची खोली (रायपनिंग चेंबर). आणि खाताना आपण साल फेकतो. अख्खं, न फुटलेलं केळं बंद करायला काही कारण नाही.

उष्टं फळ मात्र खाऊ नका. पेरू असो, चिकू असो, झाडाखाली पडलेला आंबा असो, दाताची खूण दिसली की फेकून द्या. मेसेजात खरं असलेलं जे थोडं आहे, त्यात हे धरा.

अन्नातून निपाह आल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा केळीचा नाहीच, तो बांगलादेशातल्या खजुरीच्या कच्च्या रसाचा आहे. रात्रभर झाडाला मडकं टांगलेलं, वटवाघूळ येऊन धार चाटतं, तिथेच मुततं, सकाळी लोक तोच रस न उकळता पितात. तिथे उपाय काय निघाला, तर खोडाला रसासाठी पाडलेल्या खाचेभोवती आणि मडक्याभोवती बांबूच्या कामट्यांचं झाकण बांधायचं. ‘बाना’ म्हणतात त्याला. आपण केळीच्या घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे झाकणारी पिशवी, घालतो तसंच. शिंदी-ताडाला मडकं लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि १९९८-९९ साली मलेशियात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तेव्हा तो आला डुकरांतून. वराहपालनाला लागून फळबागा होत्या, वटवाघळांचं उष्टं डुकरांत गेलं, डुकरांतून माणसांत. २६५ च्या आसपास रुग्ण, १०५ मृत्यू, आणि दहा लाखांच्या वर डुकरं मारली गेली. ‘निपाह’ हे नावही तिथल्याच एका गावावरून पडलं.

आता त्या ७५ च्या आकड्याकडे येऊ, कारण लोक घाबरतात ते यालाच. आकडा खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटना मृत्यूचं प्रमाण ४० ते ७५ टक्के सांगते. पण ते आजारी पडलेल्यांपैकी किती दगावतात याचं प्रमाण आहे, गावातल्या किती जणांना होईल याचं नव्हे. गोवर बघा: कोणालाच लस नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना देतो. बांगलादेशात २००१ ते २०१४ मधले निपाहचे रुग्ण मोजले तर साधारण तीन रुग्णांमागे एक नवा रुग्ण निघतो. बहुतेकांनी कोणालाच दिला नाही. अशी साखळी आपली आपण तुटते.

मग कधी कधी भडका का उडतो? दवाखान्यामुळे. २००१ साली पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत ६६ रुग्ण आणि ४५ मृत्यू झाले. त्यात रुग्णालयाचे कर्मचारी आणि भेटायला आलेले लोक मोठ्या संख्येनं होते. २०१८ ला केरळात कोझिकोडला पहिला रुग्ण खोकत होता, त्याला कोणता आजार आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात त्याची सेवा करणारी परिचारिका लिनी पुढे त्याच आजारानं गेली. वैद्यकीय महाविद्यालयात त्याला स्कॅनसाठी नेलं, तिथल्या कॉरिडॉरमध्ये थांबलेल्यांपैकी काहींना लागण झाली. निपाह पसरतो तो असा: खोकणाऱ्या, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या हातभर अंतरावर, लाळ-थुंकी पुसताना, उशाशी बसताना. चौकात उभ्या उभ्या वाऱ्यावरून नव्हे. मला विचाराल तर धास्ती बागेची नको, सिव्हिलच्या जनरल वॉर्डात एका खाटेभोवती बसलेल्या सहा नातेवाइकांची हवी. आपल्याकडे रुग्णाला भेटायला गेलं नाही तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात, त्याचं काय करायचं ते बघा.

कोझिकोडला तो आटोक्यात आला तोही याच वाटेनं. त्याच घरातला दुसरा माणूस तशाच लक्षणांनी आला तेव्हा एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांना शंका आली, नमुने गेले, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं शिक्कामोर्तब केलं. मग रुग्णाजवळ कोण कोण होतं त्यांची यादी निघाली. अडीच हजारांच्या वर नावं भरली, एकेकावर २१ दिवस पाळत. मे मध्ये सुरू झालेली साथ जून संपता संपता मिटली. त्या वेळी वापरायला लसही नव्हती आणि मान्य झालेलं औषधही. माणसांसाठी ती अजूनही नाहीत, एवढं मेसेजवाल्याचं बरोबर आहे. बागेत हरण्याचं खोड दिसलं की आपण काय करतो? उपटतो, बाहेर नेऊन गाडतो, शेजारची खोडं रोज बघतो. औषध तिथेही नसतंच.

‘सरकार लपवतंय’ याचं उत्तर खान्देशातच आहे. भारतात कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. आधी पोल्ट्रीवाले त्याला कोंबड्यांचा राणीखेत रोग समजले, त्यात दिवस गेले, हे मान्य. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर लाखो पक्षी मारून पुरले. मार्चमध्ये तोच जळगाव जिल्ह्यात, आमच्या सावद्यापर्यंत आला. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका आजीनं चार कोंबड्या माळ्यावर डालग्याखाली झाकून वर गोधडी टाकली होती. पथक ओट्यावर आलं आणि कोंबडा आरवला. तेव्हा लपवणारी आजी होती, कारण भरपाईवर तिचा भरवसा नव्हता आणि शेजारणीनं कानात भलतंसलतं भरलं होतं. उलट २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाहचा विषाणू मिळाला, तो शोध सरकारच्याच पुण्याच्या संस्थेनं जाहीर केला.

वटवाघळं मारायचं म्हणता? युगांडात किताका नावाच्या खाणीत मारबर्ग या जीवघेण्या विषाणूच्या भीतीनं २००८ साली ती मारून संपवली. रिकाम्या खाणीत नवी आली, आणि २०१२ साली तपासलं तर बाधितांचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त. त्याच साली जवळच्या गावात साथही आली.

कापूर-ओव्यानं सर्दीत नाक मोकळं वाटतं. बाकी, हात धुवायला साबण.

मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘ते ठीक. पण व्यापाऱ्यानं आज सकाळी निपाह-निपाह करत बोर्डाच्या, म्हणजे बाजारात जाहीर झालेल्या भावाच्या, खाली भाव मागितला. कांदेबाग हंगामातल्या केळीची कापणी गुरुवारी आहे. हे लिहून बुधवारच्या आत ग्रुपवर टाक.’