व्हिन्सेंट फेरर यांच्याविषयी फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

समाजकार्य शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘सर, हे खरं आहे का? मला वर्गात फेररवर बोलायचंय.’ नंतर तोच मेसेज मला नागपुरातल्याच आणखी दोन ग्रुपवर दिसला. मजकूर थोडक्यात असा: व्हिन्सेंट फेरर हा स्पॅनिश पाद्री महाराष्ट्रात धर्मांतर करायला आला. विहिरी आणि गहू हे त्याचं आमिष. आपल्या नागपूरच्या नियोगी समितीने अशा लोकांना १९५६ सालीच उघडं पाडलं होतं. शेवटी जनतेने आणि सरकारने त्याला १९६८ साली हाकलून दिलं. मग लग्नासाठी त्याने चर्च सोडलं आणि आंध्रात जाऊन परदेशी पैशावर साम्राज्य उभं केलं. अशा माणसाच्या आठवणी कसल्या काढता?

मेसेज पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदाच वाचलं असणार, म्हणून आधी माणूस कोण ते सांगतो. फेरर यांचा जन्म ९ एप्रिल १९२० चा, बार्सिलोनाचा. ऐन तारुण्यात ते स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले, एब्रो नदीकाठच्या लढाईत होते आणि पराभवानंतर फ्रान्समधल्या छावणीत कोंडले गेले. पुढे कायद्याचं शिक्षण अर्ध्यावर सोडून १९४४ साली ते जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघात गेले. १९५२ मध्ये मुंबईला आले आणि नंतर नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडला काम सुरू केलं. १९६८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. १९६९ मध्ये ते परत आले आणि आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरला गेले. १९७० मध्ये त्यांनी पाद्रीपण सोडलं, त्याच वर्षी अ‍ॅन पेरी या इंग्रज पत्रकाराशी लग्न केलं आणि १९ जून २००९ ला मृत्यू येईपर्यंत ते अनंतपुरातच राहिले. आता मेसेजमधलं एकेक विधान घेऊ.

नियोगी समितीपासून सुरुवात करतो, कारण ती आपल्या गावाची गोष्ट आहे आणि तिचं नाव घेतलं की नागपूरकर पुढे काही विचारत नाही. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ साली, त्या सरकारने ही समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ मध्ये अहवाल आला. शाळा, दवाखाने, कर्ज यांचा वापर धर्म बदलायला लावण्यासाठी होतो, अशा अनेक तक्रारी त्यात आहेत आणि त्या सगळ्याच खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. गरजवंताच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याच्या गळ्यात धर्म घालणं वाईटच. पण ती चौकशी तेव्हाच्या मध्य प्रदेशापुरती होती. मनमाड तेव्हा मुंबई राज्यात होतं आणि तिथलं फेरर यांचं काम नावारूपाला आलं ते या अहवालानंतर. ज्या अहवालाच्या हद्दीत माणूस नाही आणि ज्याच्या काळात त्याचं काम नाही, तो अहवाल त्याच्याविरुद्ध पुरावा कसा होईल?

नियोगींचं नाव निघालंच आहे, तर मेसेज लिहिणाऱ्याने वगळलेली एक गोष्ट सांगतो. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांच्या त्या ऐतिहासिक दीक्षा सोहळ्याच्या वेळी ज्या नामवंतांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांत हेच नियोगी होते. अहवाल त्याच वर्षीचा. आमिषाने बदललेला धर्म आणि स्वतः विचार करून बदललेला धर्म यांतला फरक या माणसाला नीट कळत होता. त्यांचं नाव घेऊन परधर्मीयाच्या प्रत्येक कामावर काट मारणं हा नियोगींवरही अन्याय आहे.

आता ‘विहिरी आणि गहू हे आमिष’. सगळ्या मेसेजचा डोलारा याच वाक्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मनमाड-नांदगाव हा पट्टा पर्जन्यछायेतला. मनमाड शहराची पाणीटंचाई आजही बातम्यांत असते. तिथे साठच्या दशकात कोरडवाहू शेतकरी एका पावसाळ्यावर जगायचा. विहीर हवी हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मग तो खोदत का नव्हता? विदर्भात ज्याने स्वतःच्या वावरात विहीर खणलीय त्याला उत्तर माहीत आहे. वरची माती आणि मुरूम घरची माणसं काढतात. खाली काळा पाषाण लागला की सुरुंग लावा, दगड फोडा, टोपल्या वर ओढा, आणि दिवसभराच्या कष्टानंतर हातभरही खोली वाढत नाही. हे काम करायचं कधी? माघ-फाल्गुनापासून मृगापर्यंत, म्हणजे घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हाच. लहान शेतकरी त्या दिवसांत दुसऱ्याच्या कामावर जातो, नाहीतर गाव सोडतो. स्वतःच्या विहिरीवर राबायला त्याला कुणी मजुरी देत नाही. रोजची भाकर मिळवायला तो बाहेर जातो, म्हणून विहीर होत नाही. विहीर होत नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा बाहेर जातो.

फेरर यांनी नेमका हा फास सोडवला. स्वतःच्या शेतात खोदणाऱ्याला त्या खोदाईच्या बदल्यात गहू आणि तेल द्यायचं. एवढंच. अट एकच, खोदायचं. विहीर शेतकऱ्याची, पाणी त्याचं, त्या पाण्यावरचं पीकही त्याचंच. आमिष म्हणायचं तर त्याच्या बदल्यात देणाऱ्याला काहीतरी मिळायला हवं. इथे देणाऱ्याला काय मिळालं? मनमाडच्या आसपासची गावं ख्रिस्ती झाली का? नाशिक जिल्ह्याच्या जनगणनेत तसं काहीही दिसत नाही.

आणि कामाच्या बदल्यात धान्य हे आमिष असेल, तर १९७२ च्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायकांना सरकारने वाटलेली सुकडी काय होती? याच महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, ज्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. माणसाला त्याच्याच गावात काम द्या, पोटाला द्या आणि त्या कामातून पाणी अडवा, विहीर बांधा, हाच त्याच्या मुळाशी असलेला विचार. मनमाडला तो त्याआधीच अमलात आला होता.

गव्हाबद्दलही एक सांगायला हवं. त्या काळात परदेशातून आलेला गहू फक्त पाद्र्यांच्या गोदामात नव्हता. एकट्या १९६६ मध्ये देशात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आलं. रेशनच्या रांगेत आपल्या आईवडिलांनी अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो ही तिकडची ज्वारी घेतलीच, आणि तो खाऊन कुणाचा देव बदलला नाही.

‘जनतेने आणि सरकारने हाकललं.’ या वाक्यातला अर्धा भाग खरा आहे. देश सोडण्याचा आदेश निघाला होता. मुख्यमंत्री होते आपल्या पुसदचे वसंतराव नाईक आणि केंद्रात गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. फेरर यांच्यावर धर्मांतराचा आरोप तेव्हाही झाला, हेही नाकारत नाही. पण जनतेने काय केलं? मनमाडहून मुंबईकडे शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. जवळपास अडीचशे किलोमीटरची ती वाट, आणि मोर्च्यात ३० हजारांहून अधिक माणसं होती असं सांगितलं जातं. त्यांत बहुसंख्य हिंदू शेतकरी होते, कारण त्या भागात दुसरं कोण असणार? वावर सोडून परक्या देशाच्या पाद्रीसाठी एवढी माणसं चालायला लागतात, तेव्हा त्यांना फसवलं जातंय हे त्यांना कळत नव्हतं, असं नागपुरात मोबाइलवर बोटं फिरवणाऱ्याने ठरवायचं का?

सरकारचं म्हणाल तर पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मार्ग काढला: फेरर थोड्या काळासाठी सुटीवर परदेशी जातील आणि पुन्हा भारतात आले तर त्यांचं स्वागत होईल. ते गेले आणि पुढच्याच वर्षी परतले. देशाला घातक ठरलेल्या माणसाला कुणी असं परत बोलावत नाही. आदेशामागे स्थानिक पुढाऱ्यांची नाराजी होती, असं त्यांच्या चरित्राची माहिती देणारे सांगतात आणि मला ते पटतं. ज्याच्या शेतात पाणी आलं तो सावकाराच्या ओट्यावर जात नाही, उन्हाळ्यात मोठ्या वाडेवाल्याच्या कामाला येत नाही आणि निवडणुकीत मान खाली घालून उभा राहत नाही. विदर्भातल्या कोणत्याही गावात सिंचन आलं की कोण कुणावर रुसतं, ते आपण पाहिलेलं आहे.

आता मेसेजमधलं सगळ्यात घाणेरडं वाक्य, ‘लग्नासाठी चर्च सोडलं’. मेसेजचा सगळा दावा कोसळतो तो इथेच, म्हणून ते लिहिणाऱ्याच्या हातून कसं सुटलं याचं मला नवल वाटतं.

आपण नागपूरकर सकाळी सेमिनरी हिल्सला फिरायला जातो. त्या टेकडीला नाव देणाऱ्या सेमिनरीत मुलं पाद्री व्हायला येतात आणि त्यांची वर्षानुवर्षं अभ्यासात, शिस्तीत जातात. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन, ही व्रतं घेतल्यावर माणसाची आयुष्यभराची जबाबदारी संघावर असते: राहणं, खाणं, आजारपण, म्हातारपण. फेरर त्या व्यवस्थेत पंचवीसेक वर्षं होते आणि पन्नाशीला पोचून त्यातून बाहेर पडले. हातात घर नाही, पेन्शन नाही, गावं ओळखीची नाहीत. आणि गाठ पडली होती अनंतपूरशी. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी आपण उन्हाळ्यात टँकर मोजतो. अनंतपूरला त्याच्या निम्माच पडतो. देशातल्या सर्वांत कोरड्या जिल्ह्यांत तो मोडतो.

चर्चने धर्म वाढवायला पाठवलेला माणूस चर्च सोडल्यावर काय करील? काम थांबवील, घरी जाईल. फेरर यांनी १९७० नंतर तेच काम पुढची ३९ वर्षं केलं. मागे कुठलाही संघ नव्हता, अंगावर पाद्रीचा झगा नव्हता, सोबत बायको होती आणि पुढे मुलंही झाली. ते काम संघासाठी होतं की माणसांसाठी होतं, याची यापेक्षा कडक परीक्षा कोणती असते? लग्न करून त्यांनी व्रत मोडलं, असं चर्चमधल्या कुणाला वाटलं तर तो त्यांचा आपसातला प्रश्न. लपूनछपून संसार न करता, वस्त्रं उतरवून चारचौघांत लग्न करणारा माणूस मला तरी प्रामाणिक वाटतो. अ‍ॅन पेरी यांचं नावही मेसेजमध्ये नाही, त्या फक्त ‘लग्न’ या शब्दात आल्या. फेरर यांच्यासोबत रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही अनंतपूरची संस्था उभारण्यात त्यांचा बरोबरीचा वाटा आहे.

आणि हे ‘साम्राज्य’ कसलं आहे? दलित आणि आदिवासी वस्त्यांमधल्या शाळा, बत्तलपल्लीसह तीन ठिकाणची रुग्णालयं, मूकबधिर आणि अंध मुलांच्या निवासी शाळा, आणि घरं. घरांबद्दलची एक गोष्ट वर्गात जरूर सांग, असं मी त्या विद्यार्थिनीला कळवलं: ट्रस्टने बांधलेली घरं बाईच्या नावावर नोंदवली जातात. दारू पिऊन आलेला नवरा ‘निघ माझ्या घरातून’ म्हणू शकत नाही, कारण कागदावर घर तिचं असतं. ज्या समाजात बाईच्या नावावर भिंतीची वीटही नसते, तिथे हा एक कागद काय करतो, हे गावात काम केलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जनगणनाही पाहा. अनंतपूर जिल्ह्यात २०११ मध्ये ख्रिस्ती लोकसंख्या १ टक्क्याहून कमी होती. यावर कुणी म्हणेल की अनुसूचित जातीच्या सवलती जातात म्हणून लोक धर्म लपवतात. काही जण लपवत असतीलही. पण चाळीस वर्षांचं धर्मांतर जिल्हाभर कुणालाच दिसू नये, इतकं लपत नाही.

परदेशी पैशाचा मुद्दा थोडक्यात संपवतो. पैसा बराचसा स्पेनमधून आला, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिथली साधी कुटुंबं एकेका मुलाच्या नावाने दरमहा थोडी रक्कम पाठवतात. परदेशी देणग्यांवर १९७६ पासून कायदा आहे आणि हिशेब केंद्रीय गृहखात्याला द्यावा लागतो. वरोऱ्याच्या आनंदवनात सुरुवातीच्या काळात परदेशी तरुण स्वयंसेवक येऊन राबले होते, याचं आपण कौतुकाने वर्णन करतो. तोच मान मनमाड आणि अनंतपूरला का नाही?

राहिला शेवटचा प्रश्न, आठवणी कशाला. फेरर यांच्या कामावर घेण्यासारखा एक आक्षेप आहे, तो या मेसेजमध्ये नाही. एका जिल्ह्याच्या शाळा, दवाखाने, घरं इतक्या मोठ्या प्रमाणात एकाच ट्रस्टवर अवलंबून असणं बरं नव्हे. सरकारला त्यामुळे हात झटकायला मिळतं आणि संस्थापक गेल्यावर सगळा भार कुटुंबावर येतो. समाजकार्याच्या वर्गात यावर तासभर चर्चा व्हावी आणि मी ती घेणार आहे. पण ती करायला आधी माणसाचं काम माहीत हवं.

मेसेज पाठवणाऱ्यांना एक विनंती. फेरर यांनी कुणाचा धर्म बदलायला लावला असेल, तर गाव आणि वर्ष कळवा, कागद असेल तर कागद दाखवा. मी तो वाचीन आणि त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर मांडीन.