‘आपलेच’ जिप्सी

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर सोलापूरच्या मामेभावाने जिप्सी किंग्ज या फ्रान्सच्या बँडच्या ‘बाम्बोलेओ’ गाण्याची क्लिप टाकली. खाली लिहिलं, ‘हे जिप्सी मुळात आपलेच बरं का. तू तर त्यांच्याच गावात राहतोस!’ लगेच चार अंगठे, दोन झेंडे, आणि काकांचा नेहमीचा मजकूर: हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेले लोक, अजूनही पाण्याला पाणीच म्हणतात.

पाण्याचं खरं आहे. जिप्सींच्या रोमानी भाषेत पाणी म्हणजे ‘पानी’, कान म्हणजे ‘कान’ आणि नाक म्हणजे ‘नाख’. हे नातं भाषेच्या अभ्यासकांनी केव्हाच मान्य केलंय. गावाचंही खरं आहे. जिप्सी किंग्जमधले रेयेस आर्लचे आणि बालियार्दो आमच्या माँपेलिएचे. दक्षिण फ्रान्समधली ही खितान, म्हणजे स्पेनकडच्या जिप्सींची कुटुंबं. बँडचा गायक निकोला रेयेस, त्याचे वडील होसे फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं पारंपरिक संगीत, गायचे. ‘रेयेस’ म्हणजे स्पॅनिशमध्ये राजे, तिथूनच बँडचं नाव आलं. कितीतरी वर्षं ही मंडळी लग्नांत, जत्रांत आणि सें-त्रोपेच्या श्रीमंतांच्या पार्ट्यांत वाजवत होती. मग 1987मध्ये बँडच्याच नावाचा तो अल्बम आला आणि ‘बाम्बोलेओ’, ‘जोबी जोबा’ जगभर गेली. आपल्याकडे लग्नाच्या संगीतात आजही वाजतात.

पण ‘आपलेच’ म्हणायला बसलं तर वाटेकरी फार. ‘बाम्बोलेओ’मधली कडवी व्हेनेझुएलाच्या सिमोन दियासच्या म्हाताऱ्या घोड्यावरच्या गाण्यातून घेतलेली. बँडच्या संस्थापकांपैकी चिको बुशिखी खितान नाहीच. त्याचे वडील मोरोक्कोचे, आई अल्जीरियाची. ज्या रुंब्यावर, म्हणजे नाचाच्या ज्या तालावर, सगळं उभं आहे, तो क्यूबातून स्पेनमध्ये आला. अशा गाण्यांना स्पेनमध्ये ‘जाऊन-येऊन’ची गाणी म्हणतात. परदेशात राहणाऱ्याला हा शब्द जरा लागतोच. बार्सिलोनाच्या खितानांनी रुंब्याला गिटारवरचा तो खास हात दिला. तारांवरून पंजा वर-खाली फिरतो आणि मध्येच लाकडावर थाप पडते. जवळून पाहिलं तर अर्धी गिटार, अर्धी ढोलकी. शुद्ध फ्लामेंकोवाले अर्थातच नाकं मुरडतात. बारा मात्रांचं अवघड चक्र सोडून चार मात्रांत नाचायचं, हे कसलं फ्लामेंको? डीजेवरच्या लावणीवरून आपल्याकडे चालतं तेच भांडण. त्यात मी पडत नाही. ज्यांना त्या नाचावर पोट भरायचं असतं, त्यांना त्या भांडणात सहसा कोणी विचारत नाही, एवढंच मला दिसतं.

मला बोलायचंय ते दुसरंच. आर्लजवळ सालिये नावाची जागा आहे. 1942मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्सच्या नाझीधार्जिण्या व्हिशी सरकारने तिथे ‘भटक्यां’साठी छावणी उभारली. फ्रान्सभरच्या अशा छावण्यांतले शेवटचे लोक सुटले ते 1946मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर वर्षाने. त्याआधी 1912च्या कायद्याने भटक्यांना बोटांच्या ठशांचं एक पुस्तक बाळगावं लागे आणि गावात शिरताना-निघताना त्यावर शिक्का घ्यावा लागे. 1969ला नवा कायदा आला, तरी वेगळी वही राहिलीच. ती कायमची गेली 2017मध्ये. जिप्सी किंग्जना ग्रॅमी मिळून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

हे सगळं वाचताना मला सोलापूरची सेटलमेंट आठवत होती. गावाला ते नुसतं एका भागाचं नाव वाटतं. ‘गुन्हेगार जमाती’ ठरवून ज्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं, हजेरी लावायला लावली, त्यांची ती वसाहत. कायदा 1871चा. ते लोक सुटले 31 ऑगस्ट 1952ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. आजही विमुक्त-भटक्यांचा जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात. ज्यांना कुठे टिकूच दिलं नाही, त्यांच्याकडे रहिवासाचा पुरावा! शाळेत असताना माझी सायकल त्या बाजूला वळली की आईचा जीव वर-खाली व्हायचा. ‘तिकडून येऊ नकोस रे.’ कारण तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

इथे घर शोधत होतो तेव्हा एजंटने नकाशावर एक वस्ती बोटाने झाकली आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘इथे खितान आहेत, तुम्हाला नाही आवडणार.’ माझ्यासारख्या सावळ्या परदेशी माणसाला त्याने एकदम घरचा करून टाकलं. मी मान डोलावली आणि दुसरीकडे घर घेतलं. हे ग्रुपवर लिहायला मला आजवर जमलेलं नाही.

मे महिन्यात सेंत-मारी-द-ला-मेरच्या जत्रेला गेलो होतो. चर्चच्या तळघरात जिप्सींच्या संत काळ्या सारेची मूर्ती आहे. तिला ‘सारा-ला-काली’ही म्हणतात, आणि त्या ‘काली’वरून आपल्याकडच्यांचा ऊर भरून येतो. अंगावर इतके झगे चढवलेले की फक्त चेहरा दिसतो. मेणबत्त्यांच्या धगीने घाम फुटत होता. 24 तारखेला खितान तिला खांद्यावरून समुद्रात नेतात, सोबत घोडेस्वार पाण्यात उतरतात. गर्दीत एक आजी माझ्याकडे निरखून बघत होत्या. कुठला, म्हणून विचारलं. भारत म्हटल्यावर ‘हं’ म्हणाल्या आणि नातवाची पाठ रगडून पुसायला लागल्या. त्यांना माझ्यात काही ‘आपलं’ सापडलं असावं असं वाटलं नाही.

मामेभावाला शेवटी उत्तर दिलं. गाण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि विचारलं, ‘मामांचा वरचा मजला गेला का रे भाड्याने? सेटलमेंटमधले ते शिक्षक बघून गेले होते ना?’

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘नाही अजून. पप्पा म्हणतात घाई नाही, चांगलं माणूस मिळू दे.’ आणि त्याखाली ‘जोबी जोबा’ची क्लिप.